चाळिसावा डोळा

१

डोळा पुसायला पाच अंक मोजावे लागतात. मागच्या बाजूला टाचणी जाईल एवढं भोक असतं. त्यात पिन घालायची, दाबून धरायची आणि सावकाश एक ते पाच म्हणायचं. लाल दिवा विझला की आतला चेहरा गेला. चारवर हात सोडला तर काहीच होत नाही, चेहरा तसाच राहतो.

'डोळा' हे आमच्या कारखान्यातलं नाव. खोक्यावर लांबलचक नाव छापलेलं असतं, ते फक्त कारखाना चालवणाऱ्या मॅडमना पाठ आहे. शर्टाच्या बटणापेक्षा जरा मोठा कॅमेरा तो. घड्याळाच्या सेलवर दोन वर्षं चालतो, कारण दिवसभर झोपलेला असतो. समोर काही हललं की क्षणभर जागा होतो, बघतो, एक ओळ लिहितो आणि पुन्हा झोपतो. फोटो काढत नाही, ठेवत नाही. किती वाजता, माणूस की मांजर की खुर्ची, माणूस असेल तर कोण, आणि चेहरा शंभरात किती जुळला, एवढंच लिहितो. एकटी राहणारी म्हातारी माणसं घेतात. आई उठली, आई स्वयंपाकघरात गेली, एवढं फोनवर दिसलं की लांबची मुलं आपापल्या कामाला मोकळी होतात.

घरातल्या माणसांना एक ते नऊ नंबर. शून्य नंबर आमचा, तपासणीचा; तो चेहरा प्रत्येक डोळ्यात आधीच भरलेला असतो. नऊ वर्षं शून्य म्हणजे माझी बायको होती. ही स्टुलावर बसायची, पुढ्यात चाळीस डोळ्यांचा ट्रे. एकेक डोळा उचलून समोर ठेवायचा, सरळ बघायचं, मान उजवीकडे, मान डावीकडे. तीन ओळी उमटल्या की डोळा पास. मग तो माझ्या टेबलावर यायचा. मी चेहरा पुसायचो आणि खोक्यात भरायचो. "दिवसभर माझा चेहरा पुसून टाकता," ही म्हणायची, "आणि घरी गेल्यावर विचारता, तोंड का उतरलंय." कारखान्यात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला हा विनोद ऐकावा लागे, आणि हसावंही लागे.

गेल्या वर्षी ती गेली. शेवटचा ट्रे तपासून झाल्यावर आम्ही डॉक्टरकडे गेलो आणि चौथ्या दिवशी मी एकटा घरी आलो. पंधरवड्यानं कामावर रुजू झालो तेव्हा तो ट्रे माझ्या टेबलावर तसाच होता. तपासलेला, न पुसलेला. मी पिन हातात घेतली, एक म्हटलं, दोन म्हटलं आणि हात मागे घेतला. एकोणचाळीस डोळे तसेच खोक्यात भरले. चाळिसावा खिशात टाकला, घरी आणला आणि कपाटात पत्र्याच्या डबीत ठेवला. कोणाचं काही बिघडत नव्हतं. निदान मला तसं वाटलं.

२

पहिली तक्रार एका निवृत्त शिंप्याची आली. "माझ्या घरात शून्य कोण आहे?" एवढंच त्यांनी फोनवर विचारलं. दुरुस्तीसाठी घरोघरी जाणंही माझ्याच गळ्यात असतं, म्हणून मीच गेलो.

म्हातारे एकटे राहत होते. डोळा बाहेरच्या खोलीत, शिलाईयंत्राच्या वरच्या फळीवर. हयात माप घेण्यात गेलेली, त्यामुळे त्यांनी वहीत नीट लिहून ठेवलं होतं. चार महिन्यांत तीन वेळा शून्य दिसला. दर वेळी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, आणि दर वेळी बरोबर चाळीस दिवसांनी.

मी मनातल्या मनात ओशाळलो. पुसायची चूक माझी होती. पण डोळ्यात चेहरा राहणं वेगळं आणि तो चेहरा समोर येणं वेगळं. यादीत पाहुण्याचं नाव राहिलं म्हणून पाहुणा काही जेवून जात नाही. मी विचारलं, संध्याकाळी कोणी बाई येतात का, टीव्ही चालू असतो का, भिंतीवर कोणाचा फोटो होता का. सगळ्याला नाही. मग त्यांनी फोनवरच्या ओळी दाखवल्या. माणूस, शून्य, समोर, जुळणी ९७. माणूस, शून्य, उजवीकडे. माणूस, शून्य, डावीकडे. दोन-दोन सेकंदांच्या अंतरानं.

मी चहाचा कप खाली ठेवला. आपल्या घरात, आपल्या तंद्रीत वावरणारा माणूस असा वागत नाही. कुठे वाकतो, कुठे पाठ फिरवतो, कुठे डोकं खाजवतो. समोर, उजवीकडे, डावीकडे हे साऱ्या जगात एकाच स्टुलावर होत असे.

शिंपी म्हणाले, भीती अशी नाही वाटत. कोणीतरी कामावर बसल्यासारखं बसतं, यंत्रापुढचं स्टूल जरासं सरकतं आणि मग उठून जातं. "आपण कोणालातरी उगाच बसवून ठेवलंय असं वाटतं हो," ते म्हणाले.

मी त्यांना संध्याकाळच्या उन्हाची तिरीप, पडद्याची सावली असं काहीतरी सांगितलं. पिन घातली, पाच मोजले, दिवा विझला. त्यांनी माझ्याकडे नखशिखांत पाहिलं, जणू माप घेताहेत.

३

त्यानंतर तक्रारी येतच राहिल्या. एक वाचनालय, एक दातांचा दवाखाना, एक नव्यानं लग्न झालेलं जोडपं. वेळ तीच, तीच तीन वळणं. मॅडमनी फर्मावलं की त्या ट्रेचे सगळे डोळे परत आण, लोकांना नवे दे. चाळिसावा तपासणीत नापास झाला म्हणून फेकला, असं मी त्यांना ठोकून दिलं. त्यांनी वहीत तसं लिहून घेतलं.

मी घरं पालथी घालू लागलो. जाईन तिथे आधी चेहरा पुसायचो, मग डोळा काढून पिशवीत टाकायचो. दहा घरं झाल्यावर एक गोष्ट ध्यानात आली आणि पाचावर धारण बसली. सुरुवातीला शून्य चाळीस दिवसांनी यायचा. दहा पुसल्यावर उरलेल्या घरांत तो तीस दिवसांनी येऊ लागला. वीस पुसले तेव्हा वीस दिवसांनी. म्हणजे ती रोज एका घरी जात होती. जितके डोळे न पुसलेले, तितके तिचे फेरे. पुसल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही हा कारखान्याचा नियम, आणि ही नियमाची पक्की होती.

मी स्वतःशी हुज्जत घालायचो. सेल एकाच वेळी उतरत असतील. आतली घड्याळं चुकत असतील. तिन्ही वळणं तपासणीच्या वेळची, यंत्राच्या पोटात राहून गेलेली आणि पुन्हा पुन्हा वर येणारी. ही शेवटची पळवाट मला फार आवडली. मी तिला घट्ट धरून राहिलो, गाण्याच्या बाईंकडे जाईपर्यंत.

त्यांचा डोळा एकतिसावा. बाई वयस्कर होत्या, दिसायला त्यांना जेमतेम दिसायचं, पण कान तिखट होते. शून्य म्हणजे काय, ओळी कसल्या, याचा त्यांना पत्ताही नव्हता. त्यांनी तक्रार केलीच नव्हती, मीच यादी घेऊन पोहोचलो होतो. डोळा बदलायचा आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग ती बाई यायची थांबेल का?

मी विचारलं, बाई आहे हे कशावरून.

"श्वासावरून," त्या म्हणाल्या. "तिला श्वास पुरत नाही. माझ्या एखाद्या विद्यार्थिनीला असा श्वास लागला तर मी शिकवणी थांबवते, पाणी देते. हिला कोणी थांबवत नाही का?"

मी पिन घातली. दोनदा भोक चुकलं.

४

एकोणचाळीस डोळे परत आल्यावर मी ते माझ्या टेबलावर नंबरवार मांडले. कारखाना सुटला होता, बाहेर अजून चांगलं ऊन होतं. चेहरा पुसला तरी डोळ्यातल्या जुन्या ओळी राहतात, आणि सगळ्यात जुनी ओळ तपासणीची. शितावरून भाताची परीक्षा करायची म्हणून मी एकच डोळा उघडणार होतो. पहिला उघडला आणि मग थांबता आलं नाही.

पहिला, जुळणी ९७. पाचवा, ९७. बारावा, ९५. अठरावा, ९१. चोविसावा, ८८. एकतिसावा, ८२. छत्तिसावा, ७६. एकोणचाळिसावा, ७३.

नऊ वर्षांत हिचा चेहरा कधी नव्वदच्या खाली गेला नव्हता. डोळ्यांखाली जाग्रण असलं, सर्दी असली, माझ्याशी भांडून आलेली असली तरी नाही. त्या संध्याकाळी ट्रेच्या पहिल्या डोळ्यापासून शेवटच्या डोळ्यापर्यंत तिचा चेहरा हळूहळू तिचा राहत नव्हता. यंत्राला ते प्रत्येक वेळी कळत होतं. सेलवर चालणारं, बटणाएवढं, मुद्दाम कमी अक्कल घालून बनवलेलं यंत्र ते. मी दोन हातांच्या अंतरावर बसून आधीच्या ट्रेची खोकी चिकटवत होतो.

साडेपाचला ती म्हणाली होती, छातीत जड वाटतंय. मी वर न बघता म्हणालो, "एवढा ट्रे उरकून घेऊ, मग जाऊ डॉक्टरकडे." ती बरं म्हणाली. सहा वाजून दहा मिनिटांनी ट्रे उरकला.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. लेकीलाही नाही.

५

आता एकच उरला होता, आणि तो माझ्याच घरात. काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालत हिंडलो होतो. त्या दिवशी घरी येऊन कपाट उघडलं, डबी काढली. झाकण घट्ट बसलेलं, वर हिची जुनी शाल. वर्षभर मी तिला हात लावलेला नव्हता. डोळा फोनला जोडला आणि ओळी पाहिल्या.

बंद डबीत, शालीखाली, अंधारात त्याला तिचा चेहरा दिसला होता. समोर, उजवीकडे, डावीकडे. आधी चाळीस दिवसांनी, मग तीस, मग वीस, आठ, तीन. शेवटची ओळ आजची, पंचवीस मिनिटांपूर्वीची. मी डबीचं झाकण पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. आत बोट मावेल एवढीही जागा नव्हती.

मी पुसायला हवं होतं. पिन खिशातच होती. त्याऐवजी मी डोळा बाहेरच्या खोलीत फळीवर लावला आणि त्याच्यासमोर हिची वेताची खुर्ची ओढून ठेवली. डबीत तरी नको, एवढंच मनात होतं. खोटं कशाला बोलू, तेवढंच नव्हतं. मला ती घरी हवी होती.

मग रोज सहा वाजून दहा मिनिटांनी मी स्वयंपाकघरात, भिंतीच्या अलीकडे, फोन हातात घेऊन बसू लागलो. आधी वेताची खुर्ची करकरायची. मग तो श्वास, तोकडा, मधेच अडकणारा. मग फोनवर तीन ओळी. मग पुन्हा करकर आणि शांतता. सगळं मिळून मिनिटभराचं. मी खोलीत डोकावत नव्हतो. बघितलं तर ती यायची नाही असं वाटे, आणि बघितलं तर ती दिसेल असंही वाटे.

त्या मिनिटासाठी मी उरलेला दिवस कसाबसा ढकलायचो. उद्या पुसू, असं मी रोज म्हणायचो. आज एवढं होऊन जाऊ दे.

लेक औषधांच्या दुकानात काम करते, तिला घरी यायला आठ वाजतात. तिला मी काही बोललो नाही. खुर्ची तिथे का ठेवली, हे तिनं एकदा विचारलं. मी म्हटलं, उजेड चांगला येतो.

६

एक ओळ मात्र मला कळत नव्हती. तिन्ही वळणांच्या आधी, खुर्ची करकरल्याबरोबर, डोळा रोज आणखी काहीतरी लिहायचा. बाकीच्या एकोणचाळिसांत तसं काही नव्हतं. माणूस. हात. चेहरा नाही.

आठवडाभर मी त्यावर डोकं खाजवलं. शेवटी डोळ्याची पहिली, तपासणीची नोंद काढली. तिथेही तेच. माणूस. हात. चेहरा नाही. मग अकरा सेकंद काहीच नाही. मग समोर, ७१.

म्हणजे चाळिसाव्याच्या आधी तिनं तोंड हातांत धरलं होतं. अकरा सेकंद. मग हात काढले, सरळ बसली आणि शेवटचा डोळा तपासून दिला. चाळीस डोळ्यांसमोर तिला जे करावं लागलं त्यातलं सगळ्यात वाईट मिनिट मी माझ्या घरी आणून ठेवलं होतं, आणि तेवढंच रोज तिच्याकडून करून घेत होतो.

दुसऱ्या दिवशी खुर्ची करकरल्यावर मी उठलो आणि दाराशी जाऊन पाहिलं.

खिडकीतून उजेड येत होता. खुर्चीचं वेत मधे दबलेलं होतं. तिथे काही होतं आणि नव्हतं. उन्हात धूळ जिथे थांबत नाही तशी एक जागा, माणसाएवढी, पुढे वाकलेली. वर दोन्ही हात मात्र नीट दिसले, एकमेकांना चिकटलेले, त्यांच्यामागे काय आहे ते झाकून धरणारे. मी मनात सेकंद मोजू लागलो. अकरा झाले. हात निघाले नाहीत. ते तसेच झाकलेले उजवीकडे वळले, थोडं थांबले आणि डावीकडे वळले.

फोनवर फक्त दोनच शब्द पुन्हा पुन्हा उमटत होते. चेहरा नाही. चेहरा नाही. चेहरा नाही.

तिला आता तो दाखवायचा नव्हता. मी खिशातून पिन काढली, फळीपाशी गेलो, पाठ खुर्चीकडे ठेवून पिन भोकात घातली आणि मोजू लागलो. तीनपर्यंत नीट गेलो. चार म्हणताना माझ्या मानेवर तिचा श्वास लागला, ओळखीचा, गरम, आणि मी हात सोडला. दिवा तसाच लाल राहिला.

७

लेक त्या दिवशी लवकर आली होती. मी खुर्चीशेजारी जमिनीवर बसलेला तिला सापडलो. तिनं पाणी दिलं आणि मग मी तिला सगळं सांगितलं. छातीत जड वाटतंय हे, एवढा ट्रे उरकून घेऊ हे, आकडे कसे उतरत गेले ते, डबी, खुर्ची, हात. ती माझ्यावर चिडेल अशी माझी अपेक्षा होती. खरं तर तिनं चिडावं असं मला वाटत होतं. ती चिडली नाही.

वेड्यात काढलं नाही तिनं मला. तिनं एवढंच सांगितलं की महिनाभरापूर्वी सुट्टीच्या दिवशी, मी कोणाच्यातरी घरी डोळा बदलायला गेलो असताना, तिला कपाटाच्या बाजूनं धाप लागल्यासारखा आवाज आला होता. ती आईची शाल काढून घेऊन बसली होती आणि पुन्हा घडी करून ठेवली होती. मला वाईट वाटेल म्हणून बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली. सहाला पाच मिनिटं कमी असताना तिनं माझ्यापुढे हात केला. पिन द्यायला माझी मूठ उघडेना. तिनं एकेक बोट सोडवलं, लहान मुलाच्या हातातून काच काढून घ्यावी तसं.

"तुम्ही आत जा, बाबा," ती म्हणाली. "मला बोलायचंय तिच्याशी."

मी स्वयंपाकघरात गेलो आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. खुर्ची करकरली. श्वास आला. तो तसाच अडकत अडकत चालू राहिला आणि मग मला लेकीचा आवाज ऐकू आला, अगदी रोजचा, दार लोटता लोटता बोलतात तसा.

"आई, पुरे झालं गं. ऊठ आता, जा तू. घरातलं मी बघते." जरा थांबून ती म्हणाली, "बाबा जेवतात व्यवस्थित."

श्वास थांबला. खुर्ची पुन्हा करकरली, पण या वेळी हलकी, कोणी टेकू न घेता उठल्यासारखी. माझ्या फोनवर काही उमटलं नाही. मी बराच वेळ वाट पाहिली, तरी काही उमटलं नाही.

लेक आत आली. डोळे लाल होते, पण रडत नव्हती. तिच्यामागे, दारातून, फळीवरच्या डोळ्याचा लाल दिवा विझलेला दिसत होता. पिन ओट्यावर ठेवून तिनं हात धुतले आणि दोन ताटं वाढायला घेतली. साडेसहाही वाजले नव्हते, जेवायची वेळ नव्हती.

गेलं वर्षभर मी ताटात नुसता चिवडत बसायचो. माझं उरलेलं रोज तीच टाकून द्यायची, न बोलता. आईला निश्चिंत जाता यावं म्हणून ती माझ्यासाठी आईशी खोटं बोलली होती. मी ताट पुढे ओढलं आणि शेवटच्या घासापर्यंत जेवलो.